जर्मनीत नव्याने राहायला येताय? घर, कागद, कचरा आणि फोडणी

टीपकागद

व्हिसा, पगार, विद्यापीठ यांवर पुष्कळ लिहून झालंय. हा धागा त्याच्या पुढचा आहे: घराची किल्ली हातात पडल्यापासूनचे पहिले काही महिने. नक्की माहीत असेल तेच लिहा, ऐकीव नको. सुरुवात कागदांपासून करतो, कारण इथे बाकी सगळं त्यांच्यापाशीच अडतं.

पहिलं काम म्हणजे पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतोच, पोस्टमन फक्त नाव शोधतो. पासपोर्टात आहे तेच आडनाव लावा. कुणाच्या घरात खोली घेतली असेल तर पत्त्यात ‘बाय अमुक’ (म्हणजे अमुककडे) असं मूळ भाडेकरूचं आडनावही द्या. नाव सापडलं नाही तर पत्र परत जातं, आणि टॅक्सचा नंबर, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं पोस्टानेच येतं. दोन युरोच्या नावपट्टीपायी महिना वाया जाऊ शकतो.

दुसरं आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून २ आठवड्यांत करायची असते. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा दाखला लागतो. नाव जिभेवर बसेपर्यंत मराठीत ‘राहतोय-दाखला’ म्हणा. नुसता भाडेकरार चालत नाही, इथे बरेच जण पहिल्या फेरीत परत येतात. मोठ्या शहरांत नोंदणी कार्यालयाची वेळ बऱ्याचदा २ आठवड्यांत मिळत नाही. अशा वेळी मिळेल ती पहिली तारीख घ्या, तिची पोच जपून ठेवा आणि वेळ घ्यायचं पान अधूनमधून उघडून बघत राहा. कुणी रद्द केलेल्या वेळा परत दिसतात.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो माहितीसाठी नाही, चर्चच्या करासाठी असतो. तिथे करपात्र चर्चचं नाव पडलं की आयकराच्या ९ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के) वेगळे कापले जातात. त्या चर्चचे सदस्य नसाल तर ‘काहीही नाही’ हाच पर्याय.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत ११ आकडी टॅक्स आयडी येतो. तो कंपनीला मिळेपर्यंत पगार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त कापणाऱ्या, करवर्गात धरला जाऊ शकतो आणि हातात बराच कमी येतो. घाबरू नका, जास्तीचं पुढच्या पगारात किंवा वार्षिक विवरणात परत मिळतं. पण त्या महिन्याचं भाडं हाताशी ठेवूनच या.

दौतटाक

छान सुरुवात. दोन लिफाफ्यांची भर घालतो.

रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, कारण ती टीव्हीवर नसून घरावर आहे. तीनजण एका घरात राहत असतील तर एकानेच भरायची. बाकीच्यांनी पत्राला उत्तर देताना भरणाऱ्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र फसवं समजून फेकून देणं ही सगळ्यांची आवडती चूक. मग मागची थकबाकी दंडासकट येते.

दुसरा म्हणजे पिवळा लिफाफा. हा दिसला की जेवण बाजूला ठेवून उघडा. त्यावर पोस्टमन पेटीत टाकल्याची तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून धावते, तुम्ही उघडल्यापासून नाही. दंडाच्या आदेशाला किंवा कोर्टाच्या वसुली-नोटिशीला हरकत घ्यायला २ आठवडे असतात, इतर सरकारी निर्णयांना बहुधा १ महिना. लिफाफाही पत्रासोबत जपा, तारीख त्याच्यावरच असते. सुट्टीवर भारतात जाणार असाल तर पेटी उघडायला कुणाला तरी सांगून जा.

नवखा_मुशाफिर

एक प्रश्न. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तरी हिवाळ्यात कोपऱ्यात काळे डाग पडतात आणि मालक म्हणतात तुम्ही हवा खेळती ठेवत नाही. नक्की चुकतं काय?

सर्द_भिंत

तिरकी ठेवलेली खिडकी हीच चूक आहे. हा इथला सगळ्यात महागडा गैरसमज, म्हणून सविस्तर लिहिते.

२० अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते, ० अंशांची जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे बाहेर बर्फ पडत असला आणि हवा दमट वाटली तरी ती आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. थंड हवा हाच इथला टॉवेल. तो पटकन आत घ्यायचा, ओला होऊ द्यायचा आणि बाहेर टाकायचा.

म्हणून श्टोसल्युफ्टन. खिडक्या सताड उघड्या, समोरासमोरच्या असतील तर उत्तमच, हीटरचा कॉक बंद, ५ ते १० मिनिटं, दिवसातून ३ ते ४ वेळा. कडाक्याच्या थंडीत ५ मिनिटं पुरतात. हवा बदलते, पण भिंती आणि फर्निचर गरमच राहतात, त्यामुळे खोली लगेच पूर्ववत होते. तिरक्या खिडकीने हवा बदलायला तास लागतो आणि तेवढ्यात चौकटीभोवतीची भिंत गारठते. आतली दमट हवा नेमकी त्या गार भिंतीला जाऊन चिकटते. बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत, भिंतीलगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांवर राहिली की पुरे. खोलीत २० अंश आणि ५० टक्के असताना भिंत साडेबारा अंशांवर आली की ती पातळी गाठली जाते. बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि कपाटामागची जागा या सगळ्यात गार, म्हणून डाग तिथेच.

१० युरोच्या आसपास आर्द्रतामापक मिळतो, तो घ्या. ४० ते ६० टक्क्यांत ठेवायचं. अंघोळ, भात, खोलीत वाळत घातलेले कपडे, यांनी काटा ७० वर गेला की ताबडतोब खिडकी. बाथरूमची वाफ दार उघडून घरभर पसरवू नका; दार बंद, खिडकी उघडी. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पुढे. झोपायची खोली गार ठेवून रात्री बैठकीच्या खोलीचं दार उघडं सोडू नका, तिथली गरम दमट हवा येऊन गार भिंतीवर बसते.

आता हीटर. कॉकवरचे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत: २ म्हणजे साधारण १६ अंश, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४. घरी आल्यावर ५ वर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते. कॉकवर पडदा किंवा सोफा आला तर त्याला स्वतःभोवतीची हवा गरम वाटते आणि तो लवकर बंद होतो. ‘हीटर चालत नाही’ या तक्रारीत हे आधी बघा.

मुशाफिर साहेब, आहेत त्या डागांसाठी: तारीख दिसेल असे फोटो काढा, मालकांना लेखी कळवा, आणि दिवसातून तीनदा तापमान व आर्द्रता लिहून ठेवा. बाहेरून पाणी मुरत असेल किंवा भिंतीची थर्मल दुरुस्ती हवी असेल तर ती मालकांची जबाबदारी, पण नोंदवही नसेल तर बोट तुमच्याकडेच येतं.

मोहरी_तडतडली

वा, काय लिहिलंय! आता फोडणीचं मी घेते.

इथल्या बऱ्याच घरांत चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीत सोडतो. त्याला उमलुफ्ट म्हणतात. त्यातल्या जाळीत तेल अडकतं आणि कोळशाच्या फिल्टरने थोडा वास कमी होतो, पण वाफ जशीच्या तशी घरात राहते. कुठला पंखा आहे ते ओळखायला वरचं कपाट उघडा: भिंतीबाहेर जाणारी जाड नळी दिसली तर हवा बाहेर जाते, नाहीतर नाही. कोळशाचा फिल्टर रोज फोडणी होत असेल तर ३ ते ४ महिन्यांत बदलावा, जाळी महिन्यातून एकदा गरम पाण्यात साबण टाकून.

स्वयंपाकाआधी पंखा २ मिनिटं चालू करा, नंतर १० मिनिटं ठेवा. स्वयंपाकघराचं दार बंद, तिथली खिडकी सताड. कोट आणि जॅकेट बंद कपाटात, लोकरीत तळणाचा वास बसला की लवकर जात नाही.

एक गोष्ट कधीही करू नका: धूर झाला म्हणून घराचं मुख्य दार जिन्यात उघडणं. जिना हाच आगीत पळायचा मार्ग असतो, तिथे धूर दिसला की शेजारी आगीचा तातडीचा नंबर ११२ फिरवतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. छतावरची धुराची घंटाही काढून ठेवू नका, झोपायच्या खोल्या आणि पळायच्या मार्गावरच्या पॅसेजात ती सगळ्या राज्यांत सक्तीची आहे. वाजलीच तर मधलं बटण दाबा, खिडकी उघडा.

आता चूल. काळ्या काचेच्या चुली दोन जातींच्या, दिसायला सारख्या. एक आतून लाल होते, ती साधी सेरान. सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, ॲल्युमिनियमचा कुकरसुद्धा. दुसरी इंडक्शन, तिला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. भारतातून भांडी आणताना फ्रिजवरचा चुंबक खाली लावून बघा, एवढी परीक्षा पुरते. गोल बुडाची कढई दोन्हीवर निरुपयोगी.

सेरानवर फोडणी करपते याचं कारण काच. बटण बंद केलं तरी ती कितीतरी वेळ तापलेलीच असते. मोहरी तडतडली की बटणाशी झटू नका, भांडंच उचलून बाजूच्या गार काचेवर ठेवा. हिंग, हळद त्यानंतर. ९ पर्यंत आकडे असतील तर फोडणी ६ वर. आणि पाक किंवा गूळ काचेवर सांडला तर गार व्हायची वाट बघू नका. काच गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढा, थंड झाल्यावर साखर काचेचा टवका घेऊन निघते.

दौतटाक

खरवडणी तिरकी, पण काचेला जवळजवळ चिकटवून धरायची. उभी धरली की ओरखडा.

पिठलंभाकर

पिठाचं कोणी लिहिलं नाही. पुड्यावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पिठात जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. ४०५ म्हणजे आपला मैदा, ५५० थोडं वरचं, १०५० मध्ये कोंडा बऱ्यापैकी. ४०५ ची पोळी गार झाली की चामडं. गव्हाचं फोलकॉर्न पीठ म्हणजे सगळा गहू, पण कोंड्याचे तुकडे मोठे राहतात आणि पोळी कडेला फाटते. भारतीय दुकान लांब असेल तर बारीक दळलेलं फोलकॉर्न २०० ग्रॅम, ५५० चं १०० ग्रॅम, कोमट पाणी १९० ते २०० मिली, चमचाभर तेल. मळून अर्धा तास झाकून ठेवायचंच. कोंडा पाणी उशिरा पितो, लगेच लाटलं तर फाटणारच.

दह्याला ‘यॉगुर्ट मिल्ड’ लिहिलेलं विरजण घेऊ नका, त्यातले जिवाणू मुद्दाम कमी आंबट होणारे असतात. साधं ‘नाटुरयॉगुर्ट’ घ्या, घटकांत दूध आणि विरजण एवढंच हवं. ३.५ टक्क्यांचं दूध तापवून ४३ ते ४५ अंशांवर आणून लिटरला २ चमचे. हिवाळ्यात ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ६ ते ८ तास. टिकाऊ हा-मिल्ख वापरलं तर उकळायची गरज नाही, पण दही जरा पातळ लागतं.

नवखा_मुशाफिर

आर्द्रतेचं डोक्यात बसलं, आभार! डाळ शिजत नाही त्यालाही असंच काही शास्त्र आहे का? तूरडाळ तासभर शिजवूनही कचकचीत राहते.

पिठलंभाकर

आहे की. पाणी जड. म्युनिकसारख्या शहरात नळाच्या पाण्यात चुना भरपूर आहे, कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतींना घट्ट धरतं. नळाचं पाणी प्यायला उत्तम, पण डाळीसाठी ते आधी उकळून गार करा. किटलीच्या तळाशी पांढरं बसतं तेवढं कॅल्शियम पाण्यातून कमी झालं. डाळ त्यात तासभर भिजवा. कुकरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा. टोमॅटो, चिंच, कोकम सगळं डाळ शिजल्यावर, आंबटाने ती आणखी अडते. इथले कुकर शिट्टी देत नाहीत, दाबाची कडी वर आल्यापासून मिनिटं मोजा. भिजलेल्या तुरीला ८ ते १० पुरतात.

किटलीतला चुना सायट्रिक ॲसिडने काढताना पाणी थंडच ठेवा. तापवलं की कॅल्शियम सायट्रेटचा थर बसतो, तो चुन्यापेक्षा चिवट. कपड्यांच्या साबणाच्या खोक्यावर पाण्याच्या जडपणानुसार तीन मापं दिलेली असतात. तुमच्या भागाचा आकडा पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर मिळतो, १४ डिग्रीच्या वर असेल तर तिसरं माप.

सातबारा

कचरा. रंग गावागणिक थोडे बदलतात, झाकणावरचं वाचा. बहुतेक ठिकाणी निळा कागद, पिवळा वेष्टनं, तपकिरी ओला कचरा, काळा किंवा करडा बाकीचं. पिवळ्यात ‘प्लॅस्टिक’ नाही, ‘वेष्टन’ जातं: दह्याचा डबा, डाळीची पिशवी, टिनचा डबा. तुटलेली प्लॅस्टिकची बादली जात नाही. दह्याचं फॉइल झाकण डब्यापासून सुटं करून टाका, धुवायची गरज नाही.

ओल्या कचऱ्यात ‘कंपोस्ट होणाऱ्या’ पिशव्या बऱ्याच गावांत चालत नाहीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा. दुकानाची पावती कागदात नको, ती थर्मल कागदाची असते, काळ्यात टाका. तळणाचं तेल सिंकमध्ये ओतलं की नळीत घट्ट होतं आणि प्लंबरचं बिल येतं. बाटलीत भरून बंद करून काळ्यात. काच पांढरी, तपकिरी, हिरवी वेगळी. निळी बाटली हिरव्यात. पिण्याचे ग्लास, ओव्हनची भांडी, कपबशी काचेच्या डब्यात नकोत, ती वेगळ्या तापमानाला वितळतात. आणि रविवारी काच टाकायला जायचं नाही, आवाजासाठी.

फांडच्या, म्हणजे अनामत भरलेल्या, बाटल्या या कचरा नव्हेत, पैसे आहेत. एकदा वापरायची प्लॅस्टिक बाटली आणि कॅन २५ सेंट, परत भरायची बियरची साधी बाटली ८ सेंट, इतर बहुतेक १५. चेपू नका, यंत्राला बारकोड आणि आकार वाचता आला पाहिजे. यंत्रातून चिठ्ठी निघते, ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर देऊन पैसे घ्यायचे. खिशात ठेवून विसरलात तर बाटल्याही गेल्या.

लिंबूसरबत

रविवारी मिक्सर लावला की पोलीस येतात म्हणे. खरं का?

सातबारा

नाही हो. दोन मिनिटं मिक्सर, त्याच्याखाली दुमडलेला टॉवेल, इतक्यात काही बिघडत नाही. भिंतीला ड्रिल आणि हातोडी मात्र रविवारी आणि सणांना पूर्ण बंद. रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता, काही घरांत दुपारी १ ते ३ सुद्धा. वॉशिंग मशीनचं काय ते तुमच्या इमारतीच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे नियमावलीत, लिहिलेलं असतं, तो कागद कराराला जोडलेला असतो, वाचा. बाडेन-व्युर्टेम्बर्गात ‘केरवोखे’ची पाटी दाराला लटकली तर त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. ‘मी तर घाण केली नाही’ हा युक्तिवाद चालत नाही.

दुकानं रविवारी बंद, शनिवारी रात्रीच दूध-भाजी आणून ठेवा. अडचणीला मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकानं, पेट्रोलपंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या.

दौतटाक

आजारपणाचंही थोडक्यात. ताप आला की थेट इस्पितळात धावू नका, तास न् तास बसवतील. आधी हाउसआर्त्स्ट, म्हणजे घराजवळचा डॉक्टर, ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. बरेच नवीन पेशंट घेत नाहीत. रात्री-सुट्टीला ११६११७, जिवावर बेतलं तर ११२. सरकारी विमा असेल तर औषधाची चिठ्ठी आता कार्डावरच चढते, आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, कार्ड दिलं की झालं. औषधामागे साधारण ५ ते १० युरो स्वतःचे. पॅरासिटामॉलसुद्धा आपोटेकेतच, सुपरमार्केटात नाही. कामावर मात्र पहिल्याच सकाळी कळवा. डॉक्टरचा दाखला चौथ्या दिवसापासून बंधनकारक आहे, पण कंपनी आधीही मागू शकते, करार बघा.

टीपकागद

किल्लीचं राहिलं. इथलं मुख्य दार बाहेरून मुठीने उघडत नाही, ओढलं की बंद. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात. जास्तीची किल्ली मित्राकडे ठेवा, कारण रविवारी रात्री कुलूपवाल्याचा दर ऐकून भूक मरते. बोलावलाच तर काम सुरू व्हायच्या आधी एकूण रक्कम विचारा. नुसतं ओढून बंद झालेलं दार उघडायला कुलूप फोडावं लागत नाही. इमारतीची किल्ली हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च येऊ शकतो, म्हणून वर्षाला ५० ते १०० युरोचा हाफ्टप्लिख्ट (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) विमा घ्या आणि त्यात किल्ली हरवणं येतं का ते आधी बघा.

लिंबूसरबत

आणि पार्सल? घरी कुणी नसताना कुठे जातं?

सर्द_भिंत

शेजाऱ्याकडे. पेटीत चिठ्ठी असते, त्यावर फक्त आडनाव. ते बेलवर शोधायचं, म्हणून तर सगळ्यांची नावं बाहेर लावलेली. त्याच संध्याकाळी, ८ च्या आत जा, चिठ्ठी हातात दिसू दे, बेल एकदाच वाजवा. आणि तुमच्या दारात कुणाचं पार्सल आलं तर घ्या, फक्त आधी बघा की आपण दोन दिवस घरी आहोत ना.